सोडलं कुणी

धाड
१२ फेब्रुवारी २०२३

आदरणीय महामायाबाई,
सप्रेम जय भीम.

मी दोनदा फोन केला. तुम्ही 'कोण?' म्हणून दोनदा ठेवून देला. मंग म्हटलं, लिहावं. सातवी पास हाय मी. चुका पोटात घाला.

मी बनाबाई, माणिकराव सरदारची बायको. तुमच्यानंतरची. आपण कधी भेटलो नाही.

दिवाळी झाल्यावर माणिकराव गेले. धाडचा बाजार होता त्या दिवशी. भाजीचा थैला घेऊन आले, ओट्यावर टेकले, पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन येईस्तोर सारं संपलं होतं. तुम्हाले कोणी कळवलं का नाही, मले माहीत नाही.

घर अन साडेतीन एकर वावर त्यायच्या एकट्याच्या नावावर हाय. मी तलाठ्याकडे वारस लावायले गेली. तं माह्या दिरानं, शेखरनं, हरकत घेतली. म्हणते, ही माह्या भावाची बायकोच नाही. पहिली बायको जित्ती हाय, कोर्टातून घटस्फोट नाही, मंग हे दुसरं लग्न खोटं. बत्तीस वर्सं माह्या हातचं खाल्लं त्यानं. त्याची माय चार वर्सं अंथरुणाले होती, तिचं सारं मी केलं. तवा मी वहिनी होती.

आम्हाले लेकरू नाही. दोन राह्यले होते, पोटातच गेले. म्हणून माह्या बाजूनं बोलणारं कोणी नाही.

बुलढाण्याच्या वकीलबाई हायेत, प्राचीताई. त्या म्हणतात, फारकत आपल्या समाजाच्या रिवाजानं झाली होती, हे सांगणारं माणूस एकच उरलं. तुम्ही. १९८८ साली तुमच्या वरवट बकालच्या समाजमंदिरात पाच लोकांनी बसून कागद केला, त्याची झेरॉक्स सोबत धाडली हाय. तुम्ही फक्त इतकं सांगा, का हे खरं हाय.

तुमची,
बनाबाई


शेगाव
२० फेब्रुवारी २०२३

श्रीमती बनाबाई सरदार यांस,
जय भीम.

पत्र मिळालं. माणिकराव गेल्याचं मला महिन्याभराने कळलं. वाईट वाटलं.

फोन मी मुद्दाम ठेवला. फोनवर माणूस रडतं आणि समोरचं माणूस 'हो' म्हणून बसतं. यापुढेही जे असेल ते लिहून कळवा.

आता कागदाबद्दल. तो मी नीट वाचला. पाच पंचांच्या सह्या आहेत, माणिकरावांची आहे. माझी नाही. माझ्या जागी 'करिता महामाया' असं लिहून माझ्या वडिलांनी सही केली आहे. त्या दिवशी मी खामगावला परीक्षेच्या हॉलमध्ये होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा फारकत होऊन चहाचे कप धुऊन झाले होते. मला कोणी काही विचारलं नाही.

माझे वडील समाजाच्या प्रत्येक सभेत सांगत की धर्म बदलला, आता जुन्या जातपंचायती सोडा. आणि मुलीची वेळ आली तेव्हा पाच जण सतरंजीवर बसवून त्यांनी तेच केलं. वरती नाव मात्र 'समजुतीचा लेख' असं दिलं. कोर्टात जायचं असतं हे त्या पाचांतल्या एकालाही सुचलं नाही. स्टॅम्प पेपर आणला म्हणजे सरकार आलं, अशी समजूत.

बत्तीस वर्षं मी शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं. शपथेवर जाऊन 'मला मान्य होतं' असं मी म्हणणार नाही. तुमच्यावर अन्याय होतो आहे हे मला दिसतं. पण तो माझ्या खोट्याने दूर व्हावा अशी अपेक्षा ठेवू नका.

महामाया हिवराळे


धाड
५ मार्च २०२३

आदरणीय बाई,
सप्रेम जय भीम.

खोटं बोला असं मी म्हटलं नाही. तुम्हाले जे खरं माहीत हाय तेच सांगा.

प्राचीताई म्हणतात, अशी फारकत आपल्या लोकायमधी आधीपासून चालत आली अन दोघायले मान्य होती, असं दाखवलं तं कोर्ट धरते. त्याले आणखी दाखले लागतात. तुमच्या गावाकडं अजून कोणाच्या फारकती झाल्या, ते तुम्हाले ठाऊक असन. बाया सांगत नाहीत. मी दोघींले विचारलं, त्यायनं दार लावून घेतलं.

एक गोष्ट लिहितो. माणिकराव तुमच्याबद्दल कधी वाकडं बोलले नाही. लोक त्यायले तोंडावर म्हणत, हिवराळे मास्तरची शिकलेली पोरगी टाकली यानं, वाया घातली. जेवायच्या पंगतीत म्हणत. ते मान खाली घालून जेवत. मी एकदा भांडायले उठली, तं माह्या पदराले धरून खाली बसवलं.

विचार करा.

बनाबाई


शेगाव
२८ मार्च २०२३

बनाबाई,

परवा शेखर माझ्याकडे येऊन गेला. दारातच, "वहिनी, ओळखलं का?"

मी म्हटलं, "तुम्ही दहावीला गणितात नापास झालात तेव्हा मी त्या घरात होते. ओळखलं."

"काय वहिनी, आल्या आल्या शाळाच भरवता."

"पस्तीस वर्षांनी वहिनी आठवली?"

"कायद्याचं नातं तुटलंच नाही ना. कोर्टाच्या नजरेत तुम्हीच त्याची बायको. त्या बाईले समाजानं बसवलं, कायद्यानं नाही. तुमच्यावर अन्याय झाला, तो आता निघून जाईन. कागदोपत्री तुमचं नाव लागीन. तुम्ही फक्त सांगा का मी सही केली नाही. मंग वावराचा हक्क माह्या नावानं सोडून द्या. शेगावात बसून तुम्हाले धाडचं वावर काय कामाचं?"

शेगावच्या माणसाला शेगावच्याच दुकानातले पेढे घेऊन आला होता. ते त्याच्या हातात परत दिले.

पण तो गेल्यावर मला एक सरळ वाट दिसली. मी कोर्टात जे आहे ते सांगते. सही माझी नाही. मग फारकत झाली नाही, म्हणजे कायद्याने विधवा मी. अपत्य नाही, सासू हयात नाही, तेव्हा घर आणि शेत दोन्ही माझ्याकडे येतं. भावाला काही मिळत नाही. दुसऱ्याच दिवशी मी बुलढाण्याला येऊन सगळं तुमच्या नावाने बक्षीसपत्र करून देते. ओळखीच्या वकिलांना विचारलं, होतं म्हणाले. मला त्यातलं मातीचं ढेकूळही नको.

कुणाला खोटं बोलावं लागत नाही, तुमचं घर जात नाही, आणि शेखर बसेल हात चोळत. प्राचीताईंना दाखवा आणि लगेच कळवा.

महामाया हिवराळे


धाड
९ एप्रिल २०२३

आदरणीय बाई,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र प्राचीताईले दाखवलं. त्या म्हणाल्या, चालते. म्हणाल्या, बनाबाई, तुमचं नशीब चांगलं.

मी घरी येऊन दोन दिवस विचार केला. मले नाही चालत.

रागावू नका. तुमची नियत साफ हाय. पण तुम्ही कोर्टात विधवा झाल्या म्हणजे मी कोण झाली? बत्तीस वर्सं त्या घरात कोण होती मंग? बक्षीस परक्याले देतात. मले वारस लागायचा हाय.

आमचं लग्न लपून नाही झालं. पांढरी साडी नेसून मी समाजमंदिरात उभी राह्यली. मेणबत्त्या लावल्या, पंचशील घेतलं, बौद्धाचार्यानं विचारलं तवा दोघायनं मोठ्यानं हो म्हटलं. शेखर तवा वाढायले होता. त्यानंच बुंदी वाढली. उद्या मी मेली तं माह्या दाखल्यावर पतीचं नाव काय लिहितीन? जागा रिकामी ठेवतीन का?

वावर गेलं तं मजुरीले जाईन. आधीही जात होती. पण हे नाही.

बनाबाई


शेगाव
१७ एप्रिल २०२३

बनाबाई,

हा हट्ट आहे. डोक्यावरचं छप्पर जात असताना दाखल्यावरच्या रकान्याची चिंता करणं मला समजत नाही. माझं नाव कुणाच्याही रकान्यात नाही. तरी मी नोकरी केली, घर बांधलं, निवृत्त झाले. माणूस जगतं.

माझ्याकडे होता तो उपाय मी सांगितला. दुसरा नाही. यापुढे जे करायचं ते तुमच्या वकिलांना विचारून करा.

महामाया हिवराळे


धाड
११ जुलै २०२३

बाई,
जय भीम.

तुम्ही लिहू नका म्हटलं नाही, म्हणून लिहितो.

आम्ही दावा टाकला. शेखरच्या वकिलानं उत्तर देलं, त्याचं पान सोबत हाय. चौथ्या ओळीखाली मी पेनानं रेघ मारली. 'वादी ही मयत माणिकराव यांनी ठेवलेली बाई असून...' टाइप केलेलं हाय. शेखरनं खाली सही केली. वाचूनच केली असन, इतका तं शिकला हाय.

ते पान गावात फिरलं. नळावर शेखरची बायको म्हणे, "जाऊबाई म्हणू का नुसती बाई म्हणू, आता कोर्ट सांगीन तसं." पोरी हसल्या. मी हंडा भरला अन आली. भांडायची ताकदच राह्यली नाही.

सोयाबीन मीच पेरलं. त्यानं वावराच्या धुऱ्यावर, बांधावर काटे टाकले, ते उचलून पेरलं. जास्त काही लिहीत नाही. तुम्ही पान वाचा.

बनाबाई


शेगाव
१४ सप्टेंबर २०२३

प्रिय बनाबाई,

दोन महिने उत्तर दिलं नाही. पान वाचलं होतं.

मागच्या आठवड्यात वरवट बकालला गेले. म्हटलं, दाखले तरी जमवून द्यावेत, त्यात काही खोटं नाही. पहिल्यांदा रुखमाबाईकडे गेले. ऐंशीच्या पुढे आहे. तिची फारकत माझ्या आधी दहा वर्षं, त्याच समाजमंदिरात झाली. तिला म्हटलं, "आत्या, कोर्टात सांगशील का?"

"आता कशाले उकरतं वं?"

"एका बाईचं घर चाललंय."

"मंग सांगतो. मले काय लाज. मले नवऱ्यानं टाकलं, ते साऱ्या गावानं पाह्यलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काय सांगशीन पण? तू तं सोडून आली होती."

मी म्हटलं, "आत्या, काहीतरीच काय."

"माह्याजवळ नको सांगू. तुह्या मायनं माह्याजवळ रडून घेतलं होतं."

मी चहा न घेता उठले. शेगावची गाडी यायला अवकाश होता. तासभर फाट्यावर उभी होते. आता लिहिते ते नीट वाचा. मी दुसऱ्यांदा लिहू शकणार नाही.

मला माणिकरावांनी टाकलं नाही. मी चौदा महिने राहून दिवाळीला माहेरी आले आणि परत गेले नाही. तिथे मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. मला बी.ए. पूर्ण करायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं, आणि त्या माणसाबरोबर आयुष्य काढायची इच्छा नव्हती. त्याच्यात खोट नव्हती. मला नको होता, एवढंच. तो न्यायला तीनदा आला. तिसऱ्यांदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर बसून होता. मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. नंतर मीच त्याला पत्र टाकलं, की पुन्हा येऊ नका, जो कागद करायचा तो करा.

परीक्षेच्या दिवशी बैठक आहे हे मला माहीत होतं. 'आबा, माझ्या वतीने तुम्ही सही करा' असं मीच सांगून गेले होते. मला कोणी विचारलं नाही हे खोटं आहे. तुम्हाला पहिल्याच पत्रात मी ते लिहिलं, आणि त्याच पत्रात खरेपणाचा धडाही दिला. इतक्या वर्षांत ते वाक्य इतकं पाठ झालं होतं की हाताने आपोआप लिहिलं.

आबा म्हणाले होते, "लोकांना सांगू, त्यांनी टाकली. टाकलेल्या पोरीची कीव येते. सोडून आलेल्या पोरीच्या भावाला कोणी मुलगी देत नाही." माणिकरावांना त्यांनी हे समोर बसवून सांगितलं. तो काय म्हणाला विचारलं, तर म्हणाले, काही नाही, मान हलवली.

त्या कीवेवर मी सगळं आयुष्य काढलं. कुणी लग्नाचं विचारलं नाही, कुणी वावगं बोललं नाही. शाळेत म्हणत, हिवराळे बाईंनी सोसलं हो. आणि तिकडे तो माणूस पंगतीत मान खाली घालून जेवत होता.

मी साक्ष देईन. मला फारकत हवी होती, मी मागितली होती, हे सांगेन. मग तुमचं लग्न उभं राहतं, असं प्राचीताईंशी बोलले. रुखमाबाई आणि आणखी तिघींची नावं त्यांना दिली आहेत. तुम्हाला माझा राग आला तर तो रास्तच आहे.

महामाया


धाड
२५ सप्टेंबर २०२३

बाई,
जय भीम.

राग नाही आला. मले माहीत होतं.

लग्नाच्या आधी पाहायले आले तवा माणिकरावनं माह्या बापाले म्हटलं, पोरीशी दोन शब्द बोलू द्या. मले म्हणे, "लोक सांगतीन का यानं पहिली टाकली. मी टाकली नाही. तिले नाही राहायचं होतं. पण हे तू कोणाजवळ बोलायचं नाही. तिची नोकरी नवी हाय, तिचं नाव खराब होईन." मी हो म्हटलं. तेवढा एकच शब्द मागितला त्यायनं मले.

तुम्ही म्हणसान, मंग पहिल्याच पत्रात काऊन नाही लिहिलं? एक तं शब्द देला होता. दुसरं, मी लिहिलं असतं तं तुम्ही नाही म्हटलं असतं, अन पत्र फाडलं असतं. खरं का नाही?

अन खरं सांगू, रातच्याला नाही पण दिवसा वावरात एकटी असली का तुमच्यावर लय जळत होती मी. ज्या बाईनं त्यायले नको म्हटलं, तिचं नाव जपायले हा माणूस साऱ्या गावाचं ऐकून घेते. मले लेकरं झाली नाही, तवा लोक म्हणे, पहिलीची हाय लागली. तरी ते चूप.

तुमच्या तोंडून यावं, इतकंच मले पाह्यजे होतं. ते आलं. साक्ष देयाची का नाही ते तुम्ही ठरवा. मी जबरदस्ती करत नाही.

बनाबाई


धाड
२३ ऑगस्ट २०२४

ताई,
जय भीम.

काल तुम्ही साक्ष देऊन जिना उतरल्या, अन मी बाहेर येईस्तोर बसस्टॅंडवर पोचल्या. मी मांगं धावली. गाडी निघाली होती. तुम्ही खिडकीत होत्या, पण तुम्ही पाह्यलं नाही. का पाह्यलं अन वळल्या, ते तुम्हालेच माहीत.

तुम्ही समोर पाहत होत्या, म्हणून मांगं काय झालं ते लिहितो.

शेखरच्या वकिलाले वाटलं, तुम्ही रडसान. त्यानं इचारलं, "म्हणजे तुम्ही नवऱ्याला सोडलं?" तुम्ही म्हटलं, "हो." "मारहाण होती?" "नाही." "दारू?" "नाही." "मग कारण काय?" "मला शिकायचं होतं. आणि तो माणूस मला नको होता." तवा मांगच्या बाकड्यावर कोणीतरी हसलं. साहेबानं वर पाह्यलं तं चूप झालं. मंग वकील म्हणे, "इतकी वर्षं का बोलला नाहीत? या बाईने काही देऊ केलं का?" तुम्ही म्हटलं, "गप्प राहण्यात माझी सोय होती. या बाईजवळ देण्यासारखं काही नाही." शेखर तवा नखं खात होता.

बाहेर आल्यावर धाडचे चार म्हातारे होते आमच्या बाजूनं आलेले. एकजण म्हणे, "म्हणजे माणक्यानं टाकलीच नव्हती?" दुसरा म्हणे, "मीच त्याले बोललो होतो बे, तुह्याच पोराच्या लग्नात." मंग चहाच्या टपरीवर गेलो, त्यायनं मले पैसे देऊ देले नाही.

शेखरची बायको मात्र म्हणे, "अशी कशी बाई, भर कोर्टात." मी म्हटलं, "अशीच हाय."

तुमच्या गावाकडं काय झालं? लिहा.

बना


शेगाव
३ सप्टेंबर २०२४

प्रिय बना,

मी पाहिलं होतं. थकले होते, आणि तुझ्यासमोर उभं राहायचं धाडस नव्हतं.

गावाकडचं विचारलंस. भावाचा फोन आला. "आबांचं नाव घालवलंस." मी म्हटलं, आबांचं नाव त्यांच्या सहीत आहे, तसंच राहील. त्याने फोन ठेवला. भाचीच्या साखरपुड्याला बोलावलं नाही. कोर्टातला एक कारकून माझा विद्यार्थी निघाला. प्रतिज्ञापत्रावर सही घेताना 'बाई, बसा ना' म्हणाला, साक्षीनंतर नुसता कागद पुढे केला. शेजारच्या काकू आता जरा तोलून बोलतात. एकूण कीव बंद झाली आहे. तिची किती सवय झाली होती ते आता कळतं. संधिवाताची गोळी एक दिवस चुकली की कसं होतं, तसं.

मोकळं वाटतंय का, असं प्राचीताईंनी विचारलं. नाही वाटत. साठी उलटल्यावर खरं बोललं तर त्याचा फायदा घ्यायला फार दिवस उरत नाहीत. ज्याला ते ऐकायला हवं होतं तो नाही. त्याची माफी तुझ्याकडे मागणं सोपं आहे, म्हणून मागत नाही.

तुझं सोयाबीन कसं आहे? काटे पुन्हा टाकले का?

महामाया


धाड
१९ ऑक्टोबर २०२५

ताई,
जय भीम.

निकाल लागला. प्राचीताईनं फोनवर सांगितलं तं मले कळलंच नाही, म्हणून त्यायनं नकलेतलं वाचून दाखवलं. फारकत रिवाजानं झाली, दोघायले मान्य होती, अन वादी ही मयताची कायदेशीर पत्नी हाय. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यायनं पुन्हा वाचलं.

तुमच्याबद्दलही एक ओळ हाय. 'साक्षीदाराने स्वेच्छेने पतीचा त्याग केल्याचे कबूल केले आहे.' ती तुम्हाले कशी वाटीन म्हणून सांगावं का नाही, असं झालं होतं. पण लपवून पाह्यलं आपण, काही भलं झालं नाही.

शेखर अपिलात जाऊन राह्यला. प्राचीताई म्हणतात, आणखी तीन-चार वर्सं धरा. तलाठी म्हणते, अपील हाय, तं थांबा. म्हणजे वारस अजून लागलाच नाही. जिंकली तरी हात रिकामा. कधी कधी वाटते, तुमचं बक्षीस घेतलं असतं तं आतापर्यंत निवांत बसली असती. पण मंग वाटते, नाही.

पुढच्या महिन्यात माणिकरावले जाऊन तीन वर्सं होतात, म्हणून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला हाय, समाजमंदिरात. पत्रिका छापायची हाय. छापखान्यात पोरानं इचारलं, शोकाकुल पत्नी कोण? मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगतो. ताई, तुमची हरकत नसन तं दोघींचं नाव टाकू का? लोकायले आता सारं माहीतच हाय. माह्या मनात काही नाही.

बना


शेगाव
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय बना,

निकालाची ती ओळ मला बरोबर वाटली. मराठी बोजड आहे, पण मजकूर खरा आहे.

अपिलाचं ऐकून बसूनच राहिले. तीन-चार वर्षं म्हणजे तू साठीला येशील, मी पासष्टीला. असो. मला पुन्हा बोलावणार नाहीत, साक्ष झाली आहे. तरी तारखा कळवत जा. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, मी येऊन मागे बसेन. तू एकटी त्या बाकड्यावर बसलेली असतेस, ते बरं दिसत नाही. तलाठ्याला प्राचीताईंकडून लेखी अर्ज देऊन विचार, की वरच्या कोर्टाची स्थगिती कुठे आहे ते दाखवा. नुसत्या अपिलाने काम थांबत नाही. तोंडी विचारू नकोस, पोच घे.

आता पत्रिका. दोघींची नावं टाकायची नाहीत. तू मोठ्या मनाने विचारलंस, पण मला नवरा नको होता आणि तो मेल्यावर मी शोकाकुल पत्नी होणार, हे कुठल्याही कोर्टात टिकणार नाही. मी चौदा महिने होते. तू बत्तीस वर्षं होतीस. पत्नी म्हणून तुझं एकटीचं नाव घाल, ठळक अक्षरात, आणि प्रूफ स्वतः तपास.

मी सकाळच्या गाडीने येते. ओळख करून द्यावी लागली तर सांग, शेगावच्या बाई आहेत. कुणी जास्त विचारलं तर त्यांना माझ्याकडे पाठव. मी सांगेन.

तुझी,
महामाया